दोन मिनिटं थांबा

गेल्या महिन्यात माझ्या भाच्यानं नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन मला दाखवायला आला. इगतपुरीहून इथवर नुसती तुडवत आणली होती. दारात उभी केली आणि त्याच क्षणी बटण दाबून बंद केली. माझ्या तोंडून निघून गेलं, अरे, दोन मिनिटं चालू राहू दे की. तो हसला. मावशी, आताच्या गाड्यांना ते लागत नाही, म्हणाला. आणि तुला काय कळतंय गाड्यांतलं, हे तोंडानं नाही पण चेहऱ्यानं म्हणाला. माझं डोकं असं फिरलं की पेढा तसाच हातात राहिला.

मला गाड्यांतलं कळत नाही हे खरंच आहे. मला टायपिंग कळतं. नाशकात द्वारका चौकाच्या अलीकडे, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून माझा टंकलेखनाचा वर्ग होता, आणि भिंतीला भिंत लागून यशवंत पगारे मिस्त्रींचं गॅरेज. सत्तर सालच्या पुढंमागं ते तिथं आले आणि पुढची सतरा-अठरा वर्षं माझ्या मुली की-बोर्डावर बोटं बडवायच्या, ते पलीकडे लोखंड बडवायचे. मधल्या भिंतीला वरती झरोका होता, उभं राहिलं की पलीकडचं दिसायचं. त्यातून मला त्यांचं सगळं ऐकू यायचं. ऐकू यायचं म्हणजे काय, शिव्याच ऐकू यायच्या.

असा रागीट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतः काही कमी नाही. मिस्त्री देवळालीला लष्करी वर्कशॉपात शिकले होते, त्यामुळे शिव्या हिंदीत आणि काम शिस्तीत. खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. सकाळी आल्यावर आधी भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो स्वच्छ पुसायचे, मग धुतलेली चादर अंथरून तिच्यावर पाने मांडायचे, लहान ते मोठा. त्यातला एक कुणी हलवला की संपलंच. गाडीची तक्रार सांगायला आलेल्या माणसाला बोलू देत नसत. लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, आणि डोळे मिटून उभं राहायचं. एवढ्यात मालक मध्ये बोलला तर म्हणायचे, "तुम्ही गप राहा. गाडी खोटं बोलत नाय, माणूस बोलतो." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. पुढे तेच त्यांच्या अंगावर उलटलं, ते सांगतेच.

'चालतंय' हा शब्द त्यांना खपत नसे. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक फियाट घेऊन आले. एक नटबोल्ट मिळत नव्हता, तर तार बांधून द्या, चालतंय, म्हणाले. मिस्त्रींनी विचारलं, तुम्ही पोरांचे पेपर तपासता तेव्हा चालतंय म्हणून पास करता का? प्राध्यापक प्रामाणिक होते बिचारे, हो म्हणाले. झालं. त्यांची किल्ली रस्त्यात. प्राध्यापक धोतर सावरत ट्रकच्या मधून किल्ली शोधताहेत आणि माझ्या मुली खिडकीत हसताहेत. दोन दिवसांनी तेच प्राध्यापक नटबोल्ट कुठून तरी पैदा करून परत आले. कारण असं काम नाशकात दुसरं कुणी करत नव्हतं.

तर अशा माणसाकडे ती गाडी आली. लासलगावचा एक कांद्याचा मोठा व्यापारी होता. त्याचं नाव मी घेणार नाही, घेण्याच्या लायकीचं त्यानं ठेवलेलं नाही. सगळे शेठ म्हणायचे, मीही म्हणते, पण एकेरीत, आणि मुद्दाम. त्याचा मेहुणा आखातात होता. तो कायमचा परतला तेव्हा जपानी गाडी घेऊन आला आणि शेठच्या गळ्यात घातली. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. चांदीच्या रंगाची, दोनच दरवाज्यांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. बॉनेटवर हवा आत जायला एक खाच. आखातातल्या रस्त्यांसाठी बनवलेली असल्यानं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे ड्रायव्हर डावीकडे आणि शेठ उजवीकडे ऐटीत बसायचा. रस्त्यावरच्या लोकांना वाटायचं शेठच चालवतोय. शेठला ते आवडायचं. पुढचा ट्रक ओलांडायचा तर ड्रायव्हरला समोरचं दिसायचं नाही, तो विचारायचा, शेठ, काही येतंय का? शेठ नाही म्हणाला की तो गाडी बाहेर काढायचा. म्हणजे बघा, कुणाचा जीव कुणाच्या शब्दावर होता.

ड्रायव्हर सटाण्याकडचा, सुकदेव अहिरे. चाळिशीचा, हडकुळा, अहिराणी बोलायचा आणि तेही मोजकं.

मिस्त्री आठ दिवस त्या गाडीला हात न लावता नुसते बघत होते. बरोबर आलेलं पुस्तक जपानीत. ते घेऊन माझ्याकडे आले. बाई, तुम्ही टायपिंगवाल्या, बघा काही लागतं का. मी म्हटलं, मला इंग्रजी-मराठी येतं, ही चित्रं कुठली वाचू? मग त्यांनी चित्रांवरूनच वाचलं. मला समजावलं ते असं, की बाकीच्या गाड्या धूर सोडून देतात, ही तो धूर वाया घालवत नाही. धुराच्या जोरावर एक पंखा फिरवते, आणि तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. त्याला टर्बो म्हणतात. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला जरा चुकल्यासारखंच झालं.

पण आपलं पेट्रोल त्या गाडीला झेपेना. चढावर इंजिन आतून कडकड वाजायचं. असंच चालवलं तर महिन्या-दोन महिन्यांत पिस्टन फुटेल, म्हणाले. मग त्यांनी काय केलं, तर तांब्याचा पत्रा घेऊन कानशीनं घासघासून एक जाड गॅस्केट, म्हणजे सांध्यात बसवायची पट्टी, बनवलं, इंजिनाच्या डोक्याखाली बसवलं, पंख्याची हवा कमी केली. तीन आठवडे तेच चाललं होतं. कडकड थांबली. गाडी अजूनही रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीला धूळ चारत होती, पण पहिल्यासारखी लाथ मारत नव्हती. लोक गाडीची ताकद वाढवून घेतात, यांनी कमी केली. शेठ भडकला. माझ्या गाडीचा बैल करून टाकला, म्हणाला. मिस्त्री त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडले, "गाडी त्यांची, पेट्रोल आपलं. दोघांचं जमवायचं तर कुणीतरी खाली यायला पाहिजे. पेट्रोल तर वर जाणार नाय." शेठ गप्प बसला, कारण मुंबईच्या एका कारागिरानंही हेच सांगितलं होतं.

आणि मग ती दोन मिनिटं. तो पंखा तेलावर तरंगतो म्हणे. गाडी पळवून आणली की तो लालबुंद असतो. त्या क्षणी इंजिन बंद केलं तर तेल थांबतं, पंखा फिरतच राहतो आणि आत उरलेल्या तेलाचा कोळसा होतो. म्हणून थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचं. मिस्त्रींनी अहिरेला पुढ्यात उभं करून विचारलं, बैल पळवून आणला की लगेच खुंट्याला बांधतो का? अहिरे म्हणाला, नही, फिरावस थोडा. मग तसंच हे. भिंतीवर खडूनं लिहिलं, 'दोन मिनिटं थांबा'. ती गाडी आली की मिस्त्री समोरच्या चहावाल्या नारायणला हाक मारायचे. नारायणचा चहा यायला बरोबर दोन मिनिटं लागायची. चहा आला की किल्ली बंद करायची. घड्याळ-बिड्याळ काही नाही.

चहा सगळ्यांना यायचा. शेठ घ्यायचा नाही. उपवास आहे, म्हणायचा. सोमवारी उपवास, मंगळवारी उपवास, गुरुवारी तर असायचाच. एका बुधवारी मी झरोक्यातून मिस्त्रींना म्हणताना ऐकलं, शेठ, आज कुठल्या देवाचा? शेठ हसला आणि गाडीत जाऊन बसला. बाहेर नारायणच्याच टपरीवर उभा राहून तोच चहा प्यायलेला मी त्याला या डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हा मला त्याचा फार संताप आला होता. माझ्याबद्दल पुढे सांगते.

सहा महिन्यांनी मिस्त्रींनी पंखा उघडला आणि आत कोळसा निघाला. साफ केला. चार महिन्यांनी परत कोळसा. त्या दिवशी गॅरेजात जे झालं ते आठवलं तरी मला लाज वाटते, आणि त्यात माझा काही संबंधही नव्हता. त्यांनी अहिरेला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर उभं केलं. काळं झालेलं तेल त्याच्या शर्टाला पुसलं. तू थांबत नाहीस, मी नसलो की लगेच बंद करतोस, म्हणाले. अहिरे म्हणाला, "मी दर टाइमले थांबस, मिस्तरी. मी खोटं नही बोलस." मिस्त्री म्हणाले, गाडी खोटं बोलत नाय, माणूस बोलतो. तेवढ्यात नारायण ट्रे घेऊन आला. मिस्त्रींनी त्यातला एक ग्लास उचलून बाजूला ठेवला.

"याला चहा नाय," म्हणाले.

अहिरे गाडीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. त्यानंतर गाडी जेव्हा जेव्हा आली तेव्हा एक चहा कमीच आला. ज्या माणसाला शेठचा उपवास कळत होता, त्याला हे कळू नये? मला झरोक्यातून ओरडावंसं वाटलं होतं. ओरडले नाही. माझी पत्रं टाइप करत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात गाडी कसाऱ्याच्या घाटात कठड्यावर आदळली. शेठ मुंबईला निघाला होता. शेठचा हात मोडला, अहिरेच्या बरगड्या. दोघं वाचले ते कठड्यामुळे. गाडी ओढून मिस्त्रींकडेच आणली, डावं तोंड चेपलेलं. चौथ्या दिवशी हात गळ्यात बांधून शेठ माझ्या वर्गात आला. ड्रायव्हर पिऊन होता, त्यानं ब्रेकच दाबला नाही, असं त्यानं पोलिसांना सांगितलं होतं. आता मिस्त्रीकडून एक कागद हवा होता. जास्त काही नको, एकच ओळ. त्यानं सांगितली, मी टाइप केली. 'माझ्या तपासणीप्रमाणे गाडीचे ब्रेक ठीक होते.' खाली यशवंत पगारे, आणि सहीला जागा. ती ओळ खरी धरली गेली तर अहिरेचं लायसन्स जाणार होतं. दारुड्या म्हणून नाव झालं की नाशिक जिल्ह्यात त्याला कुणी बैलगाडीसुद्धा चालवायला दिली नसती. घरात चार खाणारी तोंडं. हे सगळं मला टाइप करताना कळत होतं.

मी कागद घेऊन गॅरेजात गेले. मिस्त्रींनी ब्रेक उघडून पाहिले होते. ब्रेक ठीकच होते. त्यांनी कागद वाचला आणि पेन घेतलं. तेवढ्यात दारात अहिरे उभा. दवाखान्यातून तसाच आला होता, शर्टाच्या आतून पट्ट्या दिसत होत्या. मिस्त्रींनी वर न बघताच विचारलं, प्यायला होतास? तो म्हणाला, माळकरी शे मी. मग ब्रेक का नाही दाबला? तो म्हणाला, दाबला. दोनदा लागला. "तिसऱ्या टाइमले पायखाल दगड व्हई गया."

मिस्त्रींचं पेन थांबलं. ते उठून गाडीत बसले. इंजिन घरघरत चालू झालं. ब्रेक दाबला, नीट गेला. मग किल्ली बंद केली आणि परत दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा त्यांचा पाय वरच राहिला. त्या गाडीचा ब्रेक हलका होता तो इंजिनाच्या जोरावर. इंजिन बंद असलं की दोन वेळा लागणार, मग दगड.

पाय ब्रेकवरून न काढताच ते दाराकडे वळले. मग म्हणाले, अहिरे, घाटात इंजिन चालू होतं का?

अहिरेला प्रश्नच कळेना. "घाटमा कोन चालू ठेवस, मिस्तरी?" म्हणाला. उतार लागला की किल्ली बंद, पेट्रोल वाचतं. शेठचाच तसा हुकूम होता, पहिल्या दिवसापासून.

खरं होतं ते. नाशिकचा कुठला ड्रायव्हर घाट उतरताना इंजिन चालू ठेवायचा? ट्रकवाले, टॅक्सीवाले, सगळे बंद करून घरंगळत कसाऱ्याला जायचे, आणि त्यात हुशारी मानायचे. मिस्त्री स्वतः त्यांची जीप तशीच उतरवायचे. लाखांची गाडी बाळगणारा शेठ घाटाघाटात अर्धा लिटर पेट्रोल वाचवत होता. इगतपुरीपर्यंत गाडी पळवायची आणि घाटाच्या तोंडाशी, पंखा लालबुंद असताना, खटकन बंद करायची. कोळसा तिथं होत होता. थांबल्यावर अहिरे दर वेळी दोन मिनिटं थांबलाच होता. गाडी खरं बोलत होती आणि माणूसही.

मिस्त्री माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता शिव्या. म्हणाले, बाई, मशीनवर चला. दुसरा कागद लावा. मी लावला. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून सांगत गेले, दर शब्दाला थांबून.

"ब्रेक ठीक होते. इंजिन बंद होते. इंजिन बंद असले की या गाडीचा ब्रेक लागत नाही. घाटात इंजिन बंद करायला मालकाने सांगितले होते. असे करू नये हे सांगायचे काम माझे होते. मी सांगितले नाही. ड्रायव्हरची चूक नाही."

मी 'मी सांगितले नाही' या शब्दांवर थांबले. म्हटलं, मिस्त्री, हे नाही लिहिलं तरी चालेल. ते म्हणाले, चालेल म्हणू नका, बाई.

आम्ही गॅरेजात परतलो, त्यांनी सही केली. मग साक्षीदार हवा होता. मी तिथंच होते, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं. कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, इथं सही करा. माझ्या वर्गात व्यापाऱ्यांच्या मुली यायच्या. शेठची पुतणीच पहिल्या रांगेत बसायची. मी म्हटलं, मिस्त्री, मी फक्त टाइप करते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागद उचलला, आणि नारायणला हाक मारली. नारायणला सही येत नव्हती. त्यानं शाईत अंगठा बुडवून उठवला, कुणाविरुद्ध आहे हेही विचारलं नाही. मग मिस्त्रींनी त्याला दोन चहा आणायला सांगितलं. आले तेव्हा एक ग्लास स्वतःच्या हातानं अहिरेला दिला. माफी मागितली नाही, तसले शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. अहिरेचे हात बरगड्यांमुळे वर होत नव्हते, म्हणून तो पिऊन होईपर्यंत ग्लास धरून उभे राहिले.

शेठनं कागद वाचला तेव्हा काय म्हणाला ते मी जसंच्या तसं लिहिणार नाही. जातीवर गेला, एवढं सांगते. तुमच्यासारख्यांच्या हातात गाडी दिली हीच चूक झाली, असं त्या सगळ्याचं सार. मग झरोक्याकडे बघून मोठ्यानं म्हणाला, बाई, तुम्हाला तरी कळायला हवं होतं. त्या 'तरी'चा अर्थ मला कळला होता. मी उठून पलीकडे जायला हवं होतं आणि त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मी घड्याळ घेऊन मुलींचा स्पीड तपासत बसले. थू आहे माझ्यावर.

अहिरेचं लायसन्स राहिलं. कागद पोलिसांत गेल्यावर शेठनंच प्रकरण मिटवलं, कारण त्यात तोच अडकत होता. गाडी लासलगावला त्याच्या कांदे साठवायच्या चाळीत जाऊन पडली, कोंबड्यांनी आत अंडी घातली म्हणे. पण शेठनं बाजार समितीत तोंड वापरलं. पगारेनं स्वतःच लिहून दिलंय, चूक माझी म्हणून, असं सांगत फिरला. आणि लोक, ज्यांच्या गाड्या या माणसानं पंधरा-पंधरा वर्षं जगवल्या, त्या लोकांना तेवढंच ऐकू आलं. स्वतःची चूक कबूल करणारा मिस्त्री त्यांना चालला नाही. चुका लपवणारे पन्नास चालले. दोन वर्षांत गॅरेजात गाडी येईनाशी झाली. एके दिवशी चादर, पाने आणि तो फोटो घेऊन ते गेले. मला सांगितलंही नाही, आणि का सांगावं?

त्यांना शेवटचं पाहिलं ते पंचवटीत, भाजीबाजाराच्या तोंडाशी. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एक टेम्पो येऊन थांबला, टोमॅटोची खोकी भरलेला. चालवत होता अहिरे. टेम्पो त्याचा स्वतःचा होता, दारावर सटाण्याचा पत्ता रंगवलेला. शेजारी मिस्त्री, डोक्याचे केस सगळे पांढरे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. टेम्पो थांबला, पण इंजिन बंद केलं नाही. साधा डिझेलचा टेम्पो, त्याला कसला आलाय टर्बो. मागं हातगाड्या अडकल्या, भाजीवाल्या ओरडायला लागल्या. दोघं पुढं बघत शांत बसलेले. मग मिस्त्रींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या बाजारावर खेकसले, दोन मिनिटं थांबा. तोच आवाज. मला इतका आनंद झाला की मी पिशवी तिथंच ठेवून खिडकीशी गेले.

त्यांनी ओळखलं. बाई, म्हणाले, वर्ग चालू आहे का? मी हो म्हटलं. तेवढ्यात टपरीवरचा माणूस ग्लास घेऊन आला. दोन. अहिरेनं किल्ली बंद केली. मी म्हटलं, मिस्त्री, मलाही सांगा की एक.

आता माझं ते सांगायला हवं. सत्तर साली गॅरेज उघडलं त्या दिवशी त्यांनी भिंतीपलीकडून माझ्यासाठी चहा पाठवला होता. मी नारायणला म्हटलं होतं, नको, आत्ताच झाला. दुसऱ्या दिवशी पाठवला, तेव्हाही आत्ताच झाला. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी पाठवला नाही. पंधरा वर्षं त्या भिंतीपलीकडून चहाचा वास येत होता आणि मी शेठच्या उपवासावर चिडत होते.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा राग मला सवयीचा होता, मी त्याचीच वाट बघत होते. पण ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "राहू द्या, बाई. तुमचा आत्ताच झाला असेल."

मी 'नाही झाला' असं म्हणेपर्यंत मागच्या हातगाड्या पुढं घुसल्या आणि मला बाजूला व्हावं लागलं.